टाचणी टोचली असेल

ब्लाउज शिवणाऱ्या बाईच्या बोटांकडे कुणी बघत नाही. ती स्वतःही बघत नाही. वीस-पंचवीस वर्षं सुई धरून माझ्या डाव्या तर्जनीचं टोक इतकं निबर झालंय की टोचलेलं रक्त आल्यावरच कळतं. म्हणून २०१९ साली गौरींच्या तोंडावर उजव्या अनामिकेच्या शेवटच्या पेरावर, आतल्या बाजूला, तुरीच्या दाण्याएवढी लाल गाठ आली तेव्हा मी म्हटलं, टाचणी टोचली असेल. दोन नखांखाली बारीक, उभ्या, काळपट लाल रेघा होत्या, लाकडाची कूस गेल्यावर दिसते तशा. त्याही टाचणीच्याच खात्यावर मांडल्या आणि पुढचा ब्लाउज मशीनवर घेतला.

हे इतक्या वर्षांनी लिहायला बसले त्याला कारण आहे. गेल्या आठवड्यात एक बाई लेकीच्या लग्नाचे ब्लाउज टाकायला आली. पोरगी आत अस्तराचे रंग बघत होती, तेवढ्यात आई हळूच म्हणाली, "हिला लहानपणी सांध्यांचा ताप आला होता, हृदयाची झडप जरा गळते म्हणतात. तिकडच्यांना सांगितलेलं नाही हां." माझ्या हातात टेप होती. ती तशीच धरून मी तिला जे सांगितलं तेच इथे लिहितेय, जरा सविस्तर. अशाच गळक्या झडपेवर माझ्या हृदयात जंतू बसले आणि ते ओळखायला उशीर झाला, ती ही गोष्ट.

मलाही तोच ताप आला होता. चौथीत होते. आधी घसा दुखला, दोन-तीन आठवड्यांनी गुडघा सुजला. गुडघा उतरला की घोटा, घोटा उतरला की मनगट. आजी म्हणायची वारं भरलंय. साताऱ्याच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि वडिलांना बाहेर नेऊन काहीतरी सांगितलं. हा आजार सांध्यांना चाटतो आणि काळजाला चावतो अशी डॉक्टर लोकांत जुनी म्हण आहे, ती मला फार पुढे कळली. घशातल्या जंतूशी लढताना शरीर चुकून स्वतःच्याच झडपांवर उलटतं. तेव्हापासून दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन. पांढरं, घट्ट, कमरेत घेतलं की दोन दिवस पाय ओढत चालायचं. अकरा वर्षं घेतलं. मग २००२ मध्ये लग्न ठरलं आणि आईने माझी हिरवी फाईल ट्रंकेत, जुन्या लुगड्यांच्या खाली, घातली. "आता बरी आहेस की. कशाला उगाच बोलायचं?" इंजेक्शनं थांबली. दोन बाळंतपणं झाली. दुसऱ्या वेळी डॉक्टरीणबाईंनी छातीत आवाज ऐकला आणि विचारलं, काही जुनं आहे का? सासूबाई शेजारी बसल्या होत्या. मी नाही म्हटलं.

आईला मी दोष देत नाही. आमच्याकडे मुलीच्या हृदयाला काही आहे म्हटलं की स्थळ दारातून परत जातं.

आता २०१९. त्या ऑगस्टचा पाऊस कोण विसरेल? सांगली-कोल्हापूर पाण्यात होतं, आमच्याकडे कपडे आठ-आठ दिवस वाळत नव्हते, आणि घरटी एक तापाचा माणूस होता. त्यामुळे नागपंचमीच्या सुमारास मला संध्याकाळची कसकस सुरू झाली तेव्हा कुणालाच काही वाटलं नाही. दिवसभर ठीक. दिवेलागणीला अंगात कणकण, थंडी, मग नव्याण्णव-शंभर ताप. पहाटे घामाने उशीचा अभ्रा पिळता येईल इतका ओला. मी रात्री दोनदा ब्लाउज बदलायची.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी तीन दिवसांच्या गोळ्या दिल्या. व्हायरल. ताप गेला नाही तेव्हा पाच दिवसांचं अँटिबायोटिक दिलं. ताप गेला! मी नारळ फोडला. आठ दिवसांनी परत आला. मग रक्त तपासलं, विडाल पॉझिटिव्ह, टायफॉइड. पाच दिवस सलाईनमधून इंजेक्शनं. ताप गेला. सहाव्या दिवशी परत हजर.

इथे थांबते, कारण माझ्या मते सगळ्यात मोठी खूण हीच होती आणि ती आम्ही सगळ्यांनी हातची घालवली. औषध चालू आहे तोवर ताप दबतो आणि औषध संपलं की पुन्हा डोकं वर काढतो, असं एकदा नाही, दोनदा झालं. पुण्याच्या डॉक्टरांनी नंतर समजावलं की झडपेवरचे जंतू थोड्या औषधाने मरत नाहीत, नुसते गप्प बसतात. शिवाय आपल्याकडे विडाल बऱ्याचदा उगीचच पॉझिटिव्ह येते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे असं अर्धंमुर्धं अँटिबायोटिक पोटात गेल्यावर रक्तात जंतू शोधायला गेलं तर ते सापडत नाहीत. चोर घरातच आणि पावलांचे ठसे पुसलेले. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना मी बोल लावत नाही. त्यांच्यासमोर पावसाळ्यात ताप आलेली एक शिंपीण बसली होती. झडपेचं त्यांना सांगायचं काम माझं होतं. सांगितलं असतं तर तेच डॉक्टर पहिल्या आठवड्यात खडबडून जागे झाले असते.

बाकीच्या खुणाही होत्या, पण प्रत्येकीला माझ्याकडे उत्तर तयार होतं. कंबर दुखते, मशीनवर बसून. भूक नाही, तापामुळे तोंड कडू. दम लागतो, अशक्तपणा. वजन उतरत होतं ते मात्र काट्याआधी माझ्या टेपने सांगितलं. गौरींसाठी स्वतःचा ब्लाउज शिवायला घेतला, सवयीने छत्तीसचं कापलं, आणि घालून बघितला तर झबलं! दोन्ही बाजूंना टिपा आत घेतल्या, तरी सैल. छत्तीसची चौतीस झाले होते, महिनाभरात. शेजारणी म्हणाल्या, बारीक झालीस, छान दिसतेस. मला बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू.

गौरी आवाहनाच्या आदल्या दिवशी एक निवृत्त सिस्टरबाई ब्लाउज न्यायला आल्या. माझ्या जुन्या गिऱ्हाईक, सिव्हिलमध्ये जन्म गेलेला, कपड्यात अर्ध्या सुताचा फरक चालत नाही. त्यांचा ब्लाउज तयार नव्हता. हुक लावायचे राहिले होते, कारण अंगुस्ताना त्या दुखऱ्या बोटावर चढतच नव्हता. मी सॉरी म्हणत बोट दाखवलं. त्यांनी माझा हात धरला आणि मशीनच्या दिव्याखाली नेला. पेर हलकं दाबलं, मी ओरडले. मग एकेक नख वर करून बघितलं. चष्मा कपाळावर चढवला, परत बघितलं. खालची पापणी ओढली. आत लाल टिपका होता, पेनाचं टोक टेकवावं एवढा. दुसऱ्या डोळ्यात दोन.

"ताप किती दिवस?"

"महिना होत आला. मधेमधे जातो."

"लहानपणी सांधे धरले होते का गं तुझे?"

स्वयंपाकघरात सासूबाई गौरीच्या फराळाचं पीठ चाळत होत्या. चाळणीचा आवाज थांबला. मी खाली बघितलं आणि म्हटलं, "हो."

सिस्टरबाई इतकंच म्हणाल्या, "उद्याच्या उद्या मोठ्या डॉक्टरांकडे जा. आणि मधे कुणी अँटिबायोटिक दिलं तर घेऊ नकोस. आधी रक्ताचं कल्चर कर म्हणावं." ब्लाउज तसाच ठेवून गेल्या.

मी उद्या गेले नाही. गौरी बसायच्या होत्या, घरात दुसरं करणारं कोण? तीन दिवस घालवले. गौरी विसर्जनाच्या संध्याकाळी जिना चढताना मधल्या पायरीवर बसावं लागलं, लेकीने हाताला धरून वर नेलं, आणि त्या रात्री आमच्या ह्यांनी गाडी ठरवली. आज विचार करते तर त्या तीन दिवसांची सगळ्यात जास्त भीती वाटते.

पुण्यात हृदयाच्या डॉक्टरांनी छातीवर नळी ठेवली ती उचलेनातच. मग बसवून, वाकवून, डाव्या कुशीवर वळवून ऐकलं. विचारलं, शेवटचं अँटिबायोटिक कधी? बरोबर दिवस सांगता आला, कारण मी ऑर्डरच्या वहीतच औषधं लिहीत होते. मग तीन वेळा, वेळ सोडून, वेगवेगळ्या जागच्या शिरेतून रक्त काढून बाटल्यांत भरलं. हेच ते कल्चर, रक्तात जंतू असले तर ते बाटलीत वाढवून बघायचे. लहान बाटल्यांत नाही, एकेका बाटलीत भरपूर रक्त. आमचे हे म्हणाले, आधीच एवढीशी झाली, किती काढताय? सिस्टर म्हणाली, कमी घेतलं तर जंतू सापडत नाही काका. तीन वेळा घेतात कारण एखाद्याच बाटलीत काही उगवलं तर ते कातडीवरचंही असू शकतं. तिन्हींत तेच आलं तर शंका राहत नाही.

मग एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. छातीवरून केला त्यात स्पष्ट दिसेना, म्हणून दुसऱ्या दिवशी घशातून नळी घालून केला. अन्ननलिका हृदयाला मागून चिकटूनच जाते, म्हणून तिथून चित्र स्वच्छ दिसतं. डॉक्टर बाहेर येऊन ह्यांना म्हणाले, "मायट्रल झडपेवर व्हेजिटेशन आहे, आठ मिलिमीटर." हे मला येऊन सांगतात, "काहीतरी भाजीसारखं उगवलंय म्हणे आत." हसावं की रडावं. नाव तसंच आहे खरं. जंतू, रक्त गोठवणाऱ्या पेशी आणि धाग्यासारखा चिकट पदार्थ यांचा गुंता, झडपेच्या कडेला लोंबणारा, प्रत्येक ठोक्याला फडफडणारा.

डॉक्टरांनी आजाराचं नाव मराठीत सांगितलं, हृदयाच्या आतल्या अस्तराचा जंतुसंसर्ग. अस्तर म्हटल्यावर मला जे कळलं ते बहुतेक त्यांनाही वाटलं नसेल. नव्या गुळगुळीत अस्तराला कचरा चिकटत नाही. जिथे ते विरलंय, धागे सुटलेत, तिथेच सगळी कापसाची कुसं अडकतात आणि काही केल्या निघत नाहीत. माझी झडप चौथीतच विरली होती. जंतू तर सगळ्यांच्याच रक्तात अधूनमधून जातात. हिरड्या खराब असतील तर दात घासतानाही जातात. धडधाकट माणसाच्या हृदयातून ते वाहून जातात, माझ्यात अडकले.

तिसऱ्या दिवशी कल्चरचा निकाल आला. तोंडात राहणारा स्ट्रेप्टोकोकस. डॉक्टरांनी आ करायला लावला आणि मान हलवली. माझी मागची दाढ उन्हाळ्यापासून हलत होती, ब्रशला रक्त यायचं, आणि ते थांबावं म्हणून मी सासूबाईंची मशेरी लावायची. मशेरीने हिरडी बधिर होते एवढंच, आत सडायचं ते सडतच राहतं.

औषध चार आठवडे, रोज, शिरेतून. मी म्हटलं गोळ्या द्या, मी घरी घेते, दिवाळीच्या ऑर्डरी आहेत. ते म्हणाले, झडपेला स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात, तिथे औषध पोचवायचं तर रक्तात ते भरपूर आणि सतत लागतं. एक दिवस चुकवून चालणार नाही. घटस्थापना तिथेच झाली, दसराही. सिस्टरांनी वॉर्डात आपट्याची पानं वाटली. सलाईनची सुई बदलायला आले की मी दुसरीकडे बघायची. सुयांत जन्म गेला, पण आपल्यात घुसणारी सुई बघवत नाही.

माझी बोटं तिथे भलतीच प्रसिद्ध झाली. शिकाऊ डॉक्टरांचे घोळके यायचे. बोटाच्या पेरावरची दुखरी गाठ म्हणजे ऑस्लरची गाठ. तळहातावर किंवा तळपायावर न दुखणारे लाल डाग येतात त्यांना जेनवेचं नाव आहे, ते मला नव्हते. नखाखालच्या रेघा खरोखर मार लागूनही येतात, म्हणून एकट्या त्यांच्यावरून काही ठरत नाही, तापासोबत आल्या तर दखल घ्यायची. डोळ्यात थेंब टाकून पडदाही तपासला, तिथेही रक्ताचे डाग पडू शकतात. हे सगळं आता फारसं बघायला मिळत नाही, लवकर निदान होतं म्हणून, असं त्यांचे सर पोरांना सांगत होते. म्हणजे मी पुस्तकातली पेशंट झाले ती केवळ उशीर केला म्हणून! लेकीने नंतर मोबाईलवर शोधून वाचून दाखवलं. ऑस्लर हे कॅनडाचे डॉक्टर, १८८५ साली त्यांनी लंडनमध्ये ह्याच आजारावर व्याख्यानं दिली होती. तेव्हा बिचाऱ्यांना ओळखता यायचं, करता काहीच यायचं नाही. १९४०च्या दशकात पेनिसिलिन हाताशी येईपर्यंत हा आजार झालेला माणूस जवळजवळ जायचाच. मी लेकीला म्हटलं, बाई, आता पुढचं वाचू नकोस.

आजार नेहमी माझ्यासारखा रेंगाळतच येतो असं नाही, हे समोरच्या पलंगावर दिसलं. त्या काकांना कृत्रिम झडप होती. पायाला गळू झालं, ते घरीच दाबून फोडलं, आणि काही दिवसांत एकशेचार ताप, हुडहुडी, बरळणं. कातडीवरचा जंतू होता, तो आठवडे वाट बघत नाही, झडप कुरतडतच जातो. एका पहाटे काकू चहा देत होत्या आणि चहा त्यांच्या ओठाच्या एका कोपऱ्यातून गळायला लागला. चेहरा वाकडा, उजवा हात उचलेना. त्या गुंत्यातला तुकडा सुटून मेंदूत गेला होता. काकू ओरडत बाहेर पळाल्या. त्यांना वाटलं होतं झोपेत हात अवघडला असेल, पण त्या थांबल्या नाहीत, तेवढं बरं झालं. पुढे काकांची झडप बदलली. मी निघाले तेव्हा ते डाव्या हाताने नमस्कार करत होते. तोवर मला वाटायचं हा झडपेच्या जुन्या दुखण्याचाच आजार. पण तिथे ह्याच आजाराने आलेल्या पेसमेकरवाल्या आजी होत्या, डायलिसिसची नळी छातीत असलेला एक मुलगा होता. तुकडा मेंदूतच जातो असंही नाही. मूत्रपिंडात गेला तर लघवी लाल होते, प्लीहेत गेला तर डाव्या बरगडीखाली कळ येते.

चार आठवड्यांत माझी गाठ विरली, रेघा नखांबरोबर वर सरकत गेल्या आणि शेवटी नेलकटरने कापून टाकल्या. ऑपरेशन टळलं. झडप आधीपेक्षा जास्त गळते, वर्षातून दोनदा एको. कोजागिरीला मी घरी होते.

आणि सासूबाई? लोकांना वाटतं अशा गोष्टींच्या शेवटी सासू गळ्यात पडते. माझ्या सासूबाई म्हणाल्या, "आम्हाला फसवलंत." हॉस्पिटलात रोज डबा पाठवला, पण बोलल्या नाहीत. आता बोलतात, पण भांडण झालं की ती हिरवी फाईल अजूनही निघते. निघू दे. फाईल आता ट्रंकेत नसते, फ्रिजवर असते. तिच्यावर जाड पेनाने लिहिलंय: झडपेचा आजार, हृदयाचा जंतुसंसर्ग झालेला. दातांच्या डॉक्टरांकडे गेले की ती आधी टेबलावर ठेवते. एकदा हा आजार होऊन गेला की दाढ काढण्याआधी किंवा हिरडीत काम करण्याआधी औषधाचा एक मोठा डोस घ्यावा लागतो. मला अमॉक्सिसिलिन, दोन ग्रॅम, तासभर आधी. ती हलणारी दाढ असा डोस घेऊनच निघाली. मशेरीचा डबा मी टाकून दिला, सासूबाईंनी दुसरा आणला, तो त्यांचा प्रश्न. एकवीस दिवसांचं इंजेक्शनही परत सुरू झालं. आणि आता साधा ताप आला तरी मी गोळी मागत नाही, आधी फाईल दाखवते. डॉक्टर मग स्वतःच म्हणतात, दोन दिवस बघू, नाहीतर आधी कल्चर.

ती लग्नाची बाई सगळं ऐकून गेली. काल फोन आला होता, ब्लाउजची बाही तीन इंच लांब कर म्हणून. बाकी काही बोलली नाही. पोरगी ट्रायलला येईल तेव्हा मी तिच्याशीच बोलणार आहे.

सिस्टरबाईंचा तो ब्लाउज त्या वर्षी दिवाळीनंतर पुरा झाला. घ्यायला आल्या तेव्हा आधी माझा हात दिव्याखाली धरला, दहाही नखं नीट बघितली, पापणी ओढून बघितली. मग आत जाऊन ब्लाउज घालून आल्या, आरशात वळून बघितलं आणि म्हणाल्या, "मुंढ्यात घट्ट केलास. अर्धा इंच सोड."